सहनशीलता : उच्च

पंधराव्या दिवशी सकाळी महानंदा व्हनमाने आली ती हाताला भाकरीचं पीठ तसंच घेऊन. बोरवटीच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या वेदनामापन कक्षाबाहेर नळ होता. तिथे तिने हात धुतले, पदराला पुसले आणि आत येऊन, कुणी सांगायच्या आधीच, खुर्चीत बसून मान वळवली. कानामागची पट्टी काढायची असते हे तिला आता माहीत झालं होतं.

अक्षता हत्तुरेने पट्टी अलगद सोडवली. नखाएवढ्या त्या पट्टीत महानंदाच्या गेल्या पंधरा दिवसांची नोंद होती.

"कामावर कधीपासून गेलात?" फॉर्म भरता भरता अक्षताने विचारलं.

"तिसऱ्या दिवसापासनं. मेसवाल्याला दोनशे भाकरी लागत्यात. मी न्हाई गेले तर तो दुसरी बाई बघतोय."

अक्षताचं पेन थबकलं. हे उत्तर महानंदाच्या विरुद्ध जाणार होतं, आणि ते महानंदाला ठाऊक नव्हतं.

सोळा दिवसांपूर्वी तिच्या नवऱ्याने, सिद्रामने, तिला स्वयंपाकघरात पाडून कमरेत आणि पाठीत लाथा घातल्या होत्या. शेजारणीने रुग्णालयात आणलं तेव्हा तिची पाठ जांभळी झाली होती. पण हाड शाबूत, दात शाबूत. सिद्राम एका मंगल कार्यालयावर पहारेकरी होता. सहा वर्षांपूर्वी महानंदाने छळाची केस केली, तेव्हा तो महिनोन्‌महिने कोर्टाच्या व्हरांड्यात बसला होता. ती केस समेटावर मिटली, पण त्या व्हरांड्यात तो कायदा शिकून आला. हत्यार वापरलं तर कलम वाढतं. हाड मोडलं, दात पडला तर कलम वाढतं. तेव्हापासून तो फक्त हातापायांनी मारत होता, आणि तेही मऊ जागी. या वेळीही छळाचं कलम लागलं होतं, जामीनही झाला होता, आणि तो परत त्याच गल्लीत, चार घरं सोडून भावाकडे राहत होता. रोज संध्याकाळी तो दारासमोरून जायचा आणि विचारायचा, "काय म्हणतंय तुझं दुखमीटर?"

वेदनामापकाला सगळा तालुका दुखमीटर म्हणायचा.

यंत्रामागची कल्पना साधी होती. जखम पाठीवर असते, पण वेदना मेंदूत तयार होते. मेंदूतल्या पेशी काम करू लागल्या की त्यांच्याभोवती अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र निर्माण होतं, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या कोट्यवधी पटींनी क्षीण. ते पकडू शकणारे हिऱ्याच्या स्फटिकांचे संवेदक निघाले, आणि डोक्यावर टोपी घालून वेदनेचा नकाशा बघता येऊ लागला. हजारो माणसांचे नकाशे जमवून शून्य ते शंभर अशी मोजपट्टी ठरली. रोजची नोंद कानामागची पट्टी ठेवायची, आणि पहिल्या, आठव्या व पंधराव्या दिवशी टोपी घालून ती नोंद पडताळायची.

डॉक्टरांच्या आधी हे यंत्र हवं होतं ते कायद्याला. न्याय संहितेत जबर दुखापतीचे आठ प्रकार आहेत. सात प्रकार डोळ्यांना दिसतात. आठव्यात मात्र लिहिलं आहे की जखमी माणूस पंधरा दिवस तीव्र शारीरिक वेदनेत असला, किंवा आपले नेहमीचे व्यवहार करू शकला नाही, तर ती जबर दुखापत. तीव्र म्हणजे किती, यावर वकील वर्षानुवर्षं भांडत होते. तीन वर्षांपूर्वी, म्हणजे २०४० साली, नियम झाला: साठच्या वर ती तीव्र.

अक्षताने पट्टी यंत्रात सरकवली. पंधरा दिवसांचा आलेख पडद्यावर आला. सगळ्यात वरचं टोक एकतीसवर होतं.

"किती?" महानंदाने विचारलं.

"एकतीस."

"आन् किती पायजे?"

"साठ."

महानंदाने खुर्ची पुढे ओढली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "वाढवा की ताई. तुमच्या हातात हाय न्हवं? कोन बघतंय?"

वाढवणं खरंच अक्षताच्या हातात होतं. संशोधनासाठी यंत्रात दुसरी मोजपट्टी दिलेली होती. ती माणसाची तुलना हजारो लोकांशी न करता त्याच्याशीच करायची. अक्षताकडे तिचा पासवर्ड होता. सकाळी एकटीच असताना तिने ती लावून पाहिली होती, तेव्हा आठव्या दिवसाच्या नोंदीचा आकडा एकोणऐंशीवर गेला होता. पण कोर्टासाठी ती मोजपट्टी वर्ज्य होती. खोटा पुरावा तयार करायला सात वर्षांची शिक्षा आहे हे अक्षतासारख्या पोलिसाच्या मुलीला कुणी सांगायची गरज नव्हती.

"नाही हो, मावशी," ती म्हणाली. "नाही करता येत."

शेवटचा चटका राहिला होता. टोपी घातल्यावर हातावर धातूची चकती ठेवून ती चार सेकंद शेहेचाळीस अंशांपर्यंत तापवायची. इजा होत नाही, पण माणूस हात झटकतोच. आकडा पस्तीस ते पंचेचाळीसच्या मधे येतो. महानंदाचा पहिल्या दिवशी सहा आला होता, आठव्या दिवशी पाच. आजही सहा. हात तसाच मांडीवर.

"चालू केलंय का न्हाई?" महानंदाने विचारलं.

अशा वेळी काय करायचं ते माहितीपुस्तिकेत दिलं होतं. फॉर्मवर एक रकाना होता, त्यात तीन पर्याय होते. अक्षताने तिसऱ्यावर खूण केली. सहनशीलता : उच्च. खूण करताना आपण बाईचं कौतुकच करतोय, असं तिला क्षणभर वाटून गेलं.

*

"मग साधी दुखापत," जेवताना अप्पा म्हणाले. "एकशे पंधरा. एक वर्षापर्यंत. दुसरं काय होणार?"

बसवराज हत्तुरे सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर एक ठपका नव्हता. अक्षता लहान होती तेव्हा इतर मुलं पाढे म्हणायची, तशी ती अप्पांच्या बोटांवर जबर दुखापतीचे आठ प्रकार म्हणायची. डोळा, कान, अवयव, सांधा, चेहरा, हाड, दात आणि शेवटी वेदना. लग्न न करता ती आईवडिलांपाशीच राहिली त्याचं एक कारण अप्पा होते. असा शांत माणूस तिला दुसरा भेटला नव्हता.

"ती तिसऱ्या दिवशी कामावर गेली नसती तर?" अक्षताने विचारलं.

"तर 'नेहमीचे व्यवहार' या मुद्द्यावर काहीतरी करता आलं असतं. पण ती गेली. कायदा रडणाऱ्याला ओळखतो गं. उठून कामाला लागणाऱ्याला नाही ओळखत."

अव्वा, अक्षताची आई, उठली. तिने गॅसवरचं वरणाचं पातेलं उचलून अप्पांच्या ताटाजवळ ठेवलं आणि दोघांना वाढलं.

*

पुढच्या गुरुवारी अव्वा रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला रुग्णालयात आली. महिन्यातून एकदा यंत्र धडधाकट माणसावर तपासून घ्यावं लागायचं, आणि त्या दिवशी कुणी मिळत नव्हतं.

"अव्वा, पाच मिनिटं बस. काही होत नाही."

"मला काय होणाराय," म्हणत अव्वा बसली. टोपी घातलेली आई बघून अक्षताला हसू आलं. तिने चकती हातावर ठेवली.

आकडा सात.

यंत्र बिघडलं, असंच तिला वाटलं. तिने सिस्टरला बोलावून बसवलं. एक्केचाळीस. स्वतः बसली. अडतीस, आणि हात झटकला तो वेगळाच. पुन्हा आई. पुन्हा सात.

सिस्टर गेल्यावर अक्षताने दार लोटलं. महानंदाच्या सहा-पाचच्या आकड्यांनी तिला आठवडाभर झोपू दिलं नव्हतं, त्यामुळे तिने बरंच वाचून काढलं होतं. पुन्हापुन्हा मार खाणाऱ्या माणसांत बहुतेकांचा मेंदू वेदनेला जास्त हळवा होतो, बारीक धक्क्यानेही कळवळतो. पण काहींच्या बाबतीत उलटं घडतं. मार चुकवता येत नाही, पळता येत नाही, असं वर्षानुवर्षं चाललं की मेंदू आतून रसायनं सोडून वेदनेची वाटच अडवतो. हळूहळू ती अडवलेली वाट तशीच राहते. मग चटका, सुई, पोटातली कळ, काहीच नीट पोचत नाही.

"अव्वा," ती म्हणाली. पुढचा प्रश्न तिला जुळवता येईना. "आजोबा... तुझे वडील मारायचे का गं तुला?"

"माझे वडील? देवमाणूस होता तो."

"मग कोण?"

अव्वाने टोपी काढून मांडीवर ठेवली. दाराकडे पाहिलं.

"तुझे अप्पा," ती म्हणाली.

पोलीस लाइनीतल्या खोलीत, तेरा वर्षं. अक्षता शाळेत जायला लागल्यापासून, ती शाळेत असायची तेव्हा. दुपारची ड्यूटी सुटली की. कधी डबा उशिरा पोचला म्हणून, कधी साहेब ओरडला म्हणून, कधी कशावरूनच नाही. नऊ वर्षांची अक्षता एकदा पोट दुखतंय म्हणून शाळेतून लवकर आली, आणि दार वाजलं. त्या दिवसापासून थांबलं. चोवीस वर्षं झाली. एक चापट नाही, एक वेडावाकडा शब्द नाही.

"हाड नाही मोडलं कधी," अव्वा म्हणाली. अप्पांची बाजू मांडत असल्यासारखा तिचा सूर होता. गोळ्यांची पिशवी उचलून ती सरळ घरी निघून गेली.

*

सरकारी वकील रेश्मा मुजावर अक्षताच्या वयाच्याच होत्या. अक्षताने त्यांच्यापुढे महानंदाची जुनी केसपेपरची फाईल ठेवली. गेल्या वर्षी महानंदाचं अपेंडिक्स फुटलं होतं. ताप चढून ती भाकरी थापता थापता कोसळली, तोवर तिला पोटात काही दुखतंय हेच कळलं नव्हतं. बोटांवर भाजल्याच्या जुन्या-नव्या अठ्ठावीस खुणा होत्या.

"हे बघा," अक्षता म्हणाली, "आम्ही वेदना कमी म्हणून दुखापत साधी, असं लिहितो. पण वेदना कमी आहे हीच दुखापत असेल तर? तिची कळण्याची शक्तीच गेली आहे."

मुजावर वकील मागे टेकल्या. मग त्यांनी संहिता काढली आणि आठवा प्रकार सोडून पाचव्यावर बोट ठेवलं. "कोणत्याही अवयवाची शक्ती नष्ट होणे किंवा कायमची क्षीण होणे. अवयव म्हणजे हात, बोटं, सगळी त्वचा. मांडता येईल. जबर दुखापत, सात वर्षं. आणि त्यातून माणूस कायमचा अपंग झाला असं ठरलं तर दहाच्या खाली नाही. जामीन टिकणारच नाही. पण 'कायमची' हा शब्द सिद्ध करावा लागेल. बचाव पक्ष म्हणेल, मार थांबला की येईल परत. मला अशी एक बाई दाखवा, जिचा मार थांबून वर्षं उलटलीत आणि तरी ही शक्ती परत आली नाही."

अक्षताने सात जिल्ह्यांतल्या कक्षांना पत्रं पाठवली. 'सहनशीलता : उच्च' अशी खूण झालेल्या चौपन्न बायका निघाल्या. पण त्या सगळ्या तपासणीच्या दिवसापर्यंत मार खात होत्या. थांबलेली एकही नव्हती.

थांबलेली एकच तिला माहीत होती.

*

रविवारी दुपारी अप्पा ओट्याजवळ शेंगा फोडत बसले होते. अक्षताने सगळं त्यांच्यासमोरच सांगायचं ठरवलं होतं. दहा दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. त्यांनी का ते विचारलं नव्हतं, म्हणजे त्यांना कळलं असावं.

तिने महानंदाचं सांगितलं, पाचव्या प्रकाराचं सांगितलं. मग आईच्या हातावरच्या चकतीचं सांगितलं.

अप्पांचे हात थांबले. हातातली शेंग त्यांनी परातीत ठेवली.

"त्या काळी घरोघरी होतं," ते म्हणाले.

"अप्पा, मी ते विचारत नाहीये."

"माहितीये." त्यांनी घसा साफ केला, आणि आवाज एकदम ठाण्यातला झाला, कोरडा आणि नीटनेटका. "आत्तापर्यंत माझं साध्या दुखापतीत बसत होतं. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याला मुदत असते. ती संपून वीस वर्षं झाली. पण तू म्हणतेस ते कोर्टाने मानलं, तर ती जबर दुखापत. तेव्हाचं कलम तीनशे पंचवीस. सात वर्षं. तीन वर्षांवरच्या गुन्ह्याला मुदत नाही. कधीच नाही. तुझ्या आईचा कागद कोर्टात गेला की माझ्यावर गुन्हा उघडतो. हे तुम्हाला दोघींनाही समजून असू दे. मी अडवत नाही. पण समजून असू दे."

अक्षताला हे सुचलं नव्हतं. आपण दुसऱ्या बाईसाठी जे दार उघडायला निघालो ते आपल्याच घरात उघडतंय, हे आत्ता तिला दिसलं. तिने आईकडे पाहिलं. "अव्वा, नाव न घालता काही करता येतं का बघते. नाहीतर सोडून देऊ. तू म्हणशील तसं."

अव्वा शेगडी पुसत होती. फडकं बाजूला ठेवून ती वळली, पण अक्षताकडे नाही.

"तुम्हाला एक विचारू? तुमच्या ठाण्यात अशी बाई आली असती, तर काय लिहिलं असतंत?"

"अदखलपात्र," अप्पा म्हणाले.

"किती लिहिलीत तशी?"

"मोजली नाहीत."

"आणि आज आली असती? हे सगळं ऐकल्यावर?"

अप्पांनी परात बाजूला सरकवली. त्यांच्या कानशिलावरची शीर उडताना अक्षताला दिसली. तिला वाटलं, आता ते उठून जातील.

"दखलपात्र," ते म्हणाले.

"मग लिही गं," अव्वा अक्षताला म्हणाली. "माझं नाव घालून लिही."

*

जिल्ह्याच्या कोर्टात, आरोप वाढवून जामीन रद्द करण्याच्या अर्जावर, सिद्रामचे वकील होते धनशेट्टी. साठीचे, चतुर, आवाज कधी न चढवणारे.

"बाई, दुखापत या शब्दाची व्याख्या कायद्यात काय आहे? शारीरिक वेदना, रोग किंवा विकलता. बरोबर? आणि तुमचंच यंत्र म्हणतं वेदना एकतीस. एकतीस म्हणजे व्यवहारात काय?"

"साधारण डोकेदुखी," अक्षता म्हणाली.

"म्हणजे माझ्या अशिलाने पत्नीला डोकेदुखी दिली, एवढाच गुन्हा?"

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. सिद्रामही हसला.

"साहेब, दुखणं हे शरीराचं काम आहे," अक्षता म्हणाली. "हात तव्यावरून मागे घ्यायला लावणं, पोटात बिघाड झाला तर डॉक्टरकडे धाडणं. या बाईंचं अपेंडिक्स फुटलं, त्यांना कळलं नाही. डोळा गेला तर आपण म्हणतो दृष्टी गेली. यांचं कळणं गेलंय. एकतीस हा आकडा मार कमी होता असं सांगत नाही. किती वर्षं होता ते सांगतो."

"आणि ते परत येणार नाही, हे कशावरून?"

"माझ्याकडे एका बाईची नोंद आहे. मार थांबून चोवीस वर्षं झाली. आकडा सात."

"एक बाई! कोण ही? कुठल्या मुलखाची?"

"माझी आई," अक्षता म्हणाली. "कस्तुरी बसवराज हत्तुरे. त्या इथे बसल्या आहेत."

धनशेट्टी पुढचा प्रश्न विसरले असावेत. न्यायाधीशांनी मागे पाहिलं. अव्वा उभी राहिली होती. तिच्या शेजारी अप्पा बसले होते, इस्त्रीच्या सदऱ्यात, हात गुडघ्यांवर.

"तुमची संमती आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मीच नाव घ्यायला सांगितलं," अव्वा म्हणाली आणि खाली बसली.

आदेश नऊ दिवसांनी आला. एका नोंदीवरून अंतिम सत्य ठरत नाही, ते खटल्यात ठरेल, असं न्यायाधीशांनी लिहिलं होतं. पण वेदना जाणवण्याची शक्ती ही अवयवाची शक्ती आहे, आणि ती मारहाणीने क्षीण झाल्याचं सकृद्दर्शनी दिसतं. आरोप जबर दुखापतीचा आणि कायमच्या अपंगत्वाचा. जामीन रद्द. शेवटच्या परिच्छेदात आणखी एक वाक्य होतं. सुनावणीत दुसऱ्या एका स्त्रीबाबत दखलपात्र गुन्ह्याची माहिती पुढे आली असून, ती संबंधित ठाण्याकडे पाठवावी.

सिद्रामला नेलं त्या दुपारी अक्षता महानंदाकडे बातमी सांगायला गेली. चूल धगधगत होती. महानंदाने सगळं ऐकून घेतलं, हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि बोटांनीच ती फिरवली.

"म्हंजे आता मी अपंग ठरले म्हना."

"कायद्याच्या भाषेत तसं म्हणावं लागतं, मावशी."

"मला वाटायचं, मी घट्ट हाय. आईबी म्हनायची, माझी महानंदा लई सोसती." ती तव्याकडेच बघत होती. "तो गेला ते बरंच झालं. दार उघडं ठिवून बसलेय बघा आज. पन ताई, तुमी माझी एक गोष्ट नेलीत."

महानंदाने दोन भाकऱ्या फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिल्या. त्या इतक्या गरम होत्या की वाटेत अक्षताला दोनदा हात बदलावा लागला.

*

ठाण्यातून बोलावणं आलं तेव्हा अव्वाने तक्रार द्यायलाच हवी अशी सक्ती नव्हती. तरुण उपनिरीक्षक ऐश्वर्या सलगर यांनी ते फोनवर दोनदा सांगितलं होतं. माहिती आली आहे, चौकशी करावी लागेल, पण काकूंना काही सांगायचं नसेल तर तसं लिहून देता येईल.

रिक्षा अप्पांनीच बोलावली. ठाण्याच्या पायऱ्या ते सवयीने झपझप चढले, आणि आतल्या हवालदाराने उठून सलाम केला तेव्हा कुठे पाहावं ते त्यांना कळेना. ते बाहेरच्या बाकावर बसले. अक्षता बाकाच्या दुसऱ्या टोकाला. मधे एका माणसाची जागा रिकामी राहिली.

"तुझ्या आईने नाही म्हटलं तर?" थोड्या वेळाने अप्पांनी विचारलं.

"तर नाही."

"आणि हो म्हटलं तर तू घरी राहशील ना? तिला एकटं नको."

"राहीन," अक्षता म्हणाली. त्यांच्या हातावर हात ठेवावा असं तिला वाटलं. त्या हाताकडे पाहिल्यावर मात्र तिला ते जमलं नाही.

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. हल्ली तक्रार हाताने लिहीत नसत. माणूस बोलतो, टेबलावरचं यंत्र ऐकतं आणि जुन्या लाखो फिर्यादींवरून शिकलेल्या भाषेत मजकूर तयार करतं. अव्वा पावणेदोन तास बोलत होती. तारखा तिला आठवत होत्या. कुठला सण होता, साडी कुठली होती, डब्यात काय भाजी होती. आवाज सगळा वेळ एका पट्टीत. मधेच सलगर बाईंनी पाणी दिलं.

"काकू, एक विचारते," त्या म्हणाल्या. "शिक्षा व्हावी असं वाटतं तुम्हाला?"

"ते तुमचं तुम्ही बघा. चौतीस वर्षं ह्यांनी लोकांचं लिहून घेतलं. माझं कुणी लिहिलं नव्हतं. ते लिहून घ्या."

मग सलगर बाई मजकूर वाचून दाखवू लागल्या. बाकावर अप्पा ताठ बसून ऐकत होते.

"...की माझे पती हे मला लग्नानंतर सुमारे तेरा वर्षे किरकोळ कारणावरून हाताबुक्क्यांनी मारहाण करीत असत..."

"थांबा," अव्वा म्हणाली. "मी किरकोळ म्हटलं नाही."

"ते आपोआप येतं, काकू. सगळ्या फिर्यादींत तसंच असतं."

"काढा ते."

बाकावर अप्पांनी डोळे मिटून घेतले. हे शब्द त्यांनी स्वतः किती फिर्यादींत लिहिले होते, तेही त्यांनी मोजलं नव्हतं.

"काढते," सलगर बाई म्हणाल्या. "पण मग कारण काय घालू? रकाना रिकामा सोडता येत नाही."

"कारण नव्हतं," अव्वा म्हणाली. "तसं घाला."

सलगर बाईंनी यंत्र बंद केलं, की-बोर्ड पुढे ओढला आणि दोन शब्द स्वतः टंकले. मग ते वाक्य त्यांनी पहिल्यापासून पुन्हा वाचलं, मोठ्याने, सावकाश. अव्वाने मान डोलावली, पेन मागितलं आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.